आश्रुबांची लाभाची मूठ

माझ्या हातून आजवर लिहिलं गेलं ते पत्रं आणि दोन-तीन अर्ज, एवढंच. त्यामुळे हे नीट जमेल असं मला वाटत नाही. पण माझ्या सासऱ्यांना पाहिलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, आणि जी आहेत ती गोष्ट आपापल्या परीने वाढवून सांगतात. एकाने तर परवा त्यांना मांत्रिकच करून टाकलं. ते मांत्रिक नव्हते, मापारी होते. आश्रुबा मापारी.

तलवाड्यापासून दीड कोसावर एक वाडी आहे, तिथले ते. तेव्हा निजामाचा अंमल होता. वर्ष, तिकडच्या फसली सनाचं, तेराशे तेहेतीस की चौतीस, मला नक्की आठवत नाही. मुक्ता, म्हणजे आश्रुबांची मुलगी आणि माझी बायको, चौतीस म्हणते. ती शेजारी बसून डाळ निवडते आहे आणि चुकलं की सांगणार आहे, तेव्हा चौतीसच.

वाडीत धान्य कोणाचंही असो, ते मोजायचा हक्क मापाऱ्याचा. देणाऱ्याने मोजायचं नाही, घेणाऱ्याने मोजायचं नाही. तिसऱ्याने मोजायचं, म्हणजे भांडण नको. आश्रुबांकडे पितळी पट्ट्या ठोकलेली लाकडी पायली होती, बापाच्या हातून आलेली. मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं वीसपर्यंत. वीस झाले की बाजूला एक खडा ठेवायचा आणि पुन्हा लाभ. त्या वाडीची रीत अशी, की दर लाभाला मापाऱ्याने एक मूठ धान्य आपलं म्हणून काढून घ्यायचं. तीच त्याची मजुरी. आश्रुबा ‘लाभ’ म्हणत, डावा हात राशीत घालत आणि मूठ गळ्यातल्या झोळीत टाकत. नजर मात्र पायलीच्या काठावरून हलायची नाही. मुठीत टपोरा दाणा आला की किडका, हे बघणं त्यांच्या लेखी चोरी होती.

या कामामुळेच की काय, कुठल्याही गोष्टीवर एकदा बघून मत द्यायला त्यांचा जीव धजत नसे. गेवराईच्या बाजारात मिरची घेताना पोत्याच्या तोंडातली एक, मधली एक आणि तळातली एक चावून बघायचे. डोळ्यांतून पाणी वाहायचं, नाक लाल व्हायचं, आणि मग म्हणायचे, “लई तिखट बी न्हाई.” मिरचीवाला म्हणायचा, “मामा, विकत घेता का इथंच जेवता?”

जावई बघताना त्यांनी हेच केलं. मला त्यांनी तीनदा बघितलं होतं, असं लग्नानंतर कानावर आलं. एकदा बाजारात, एकदा आमच्या रानात. तिसऱ्यांदा कुठे, ते मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. विचारायचा धीरही झाला नाही. मी मुळातच कमी बोलणारा.

त्या साली नवरात्राच्या तोंडावर मी मुक्ताला माघारी न्यायला वाडीला गेलो होतो. दोन दिवसांत परतायचं होतं, पण सासूबाईंनी, जानकीबाईंनी, दसरा झाल्याशिवाय सोडत नाही म्हणून बजावलं.

मी पोचलो त्या दिवशी पाटलांचं पेव उघडलं होतं. सुंदरराव पाटील वाडीचे मुख्य. त्यांच्या अंगणात जमिनीत खणलेलं मोठं पेव होतं. तोंड माणूस उतरेल एवढं आणि पोट आत घागरीसारखं फुगलेलं. वाडीतल्या बहुतेक घरांचं शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, बी त्यात एकत्र ठेवलेलं असे. दसऱ्याच्या सुमाराला ते काढायचं, वाटून घ्यायचं आणि पेरायचं. वर्षाचं पीक तेवढं एकच. आश्रुबांनी दिवसभर मोजलं. संध्याकाळी खडे मोजले तर अठ्ठेचाळीस. म्हणजे नऊशे साठ पायल्या, तीन खंडी. आणि झोळीत अठ्ठेचाळीस मुठी.

रात्री त्याच मुठींतल्या थोड्या ज्वारीची भाकरी झाली. नवा जावई म्हणून पहिलं ताट मला. पहिल्या घासालाच जीभ कडू झाली. भाकरीला कुबट वास होता. पण सासुरवाडीत पहिल्याच जेवणाला भाकरी वाईट कशी म्हणायची? मी मान खाली घालून खात राहिलो. जानकीबाईंनी दुसरी वाढली, तीही खाल्ली. तिसरी वाढली.

“भाकर बरी झाली ना?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

मग आश्रुबा जेवायला बसले. त्यांनी एक घास तोंडात टाकला, थांबले, उठले आणि बाहेर जाऊन थुंकून आले.

“अगं, हे काय केलंस?”

“आवं, जावायांनी तीन खाल्ल्या की! एका शबदानं बोलले न्हाईत!”

आश्रुबांनी माझ्याकडे पाहिलं. “पाव्हणं, खरं सांगा. कडू लागली का न्हाई?”

“थोडी,” मी म्हणालो.

“थोडी!” जानकीबाईंनी कपाळावर हात मारला. “आन् तीन खाल्ल्या! असल्या माणसाला काय इचारून कळावं?”

मुक्ता आतून हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं. खरं तर आत्ताही ती हसतेच आहे.

आश्रुबा मात्र हसले नाहीत. झोळी पुढ्यात घेऊन दाणे हुंगत बसले. पेवाला कुठून तरी ओल लागली होती. प्रश्न एवढाच, की किती बी वाया गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी झोळीतलं सगळं धान्य एका पाटीत ओतून खालीवर केलं. पाटीपुढे बसून डोळे मिटले आणि एकेक दाणा उचलून फडक्यावर ठेवू लागले. ओठ हलत होते. जानकीबाई मला हळूच म्हणाल्या, “जप सुरू केला जणू.” ते शंभर मोजत होते. अशी शंभर-शंभर दाण्यांची पाच फडकी त्यांनी केली, भिजवली आणि चुलीमागच्या उबेला ठेवली.

त्याच दिवशी घट बसले. वाडीत देवीच्या देवळातला घट पाटलीणबाईंच्या, छबुबाईंच्या हातचा. घटाभोवतीच्या मातीत पेरायचं बी पेवातलंच असायचं, आणि घट कसा उगवतो त्यावर वाडी रानाचा अंदाज बांधायची. घट दाट आला की बी चांगलं, एकरी एक पायली पुरे. विरळ आला की काळजी. छबुबाई म्हणजे मोठ्या निष्ठेच्या बाई. देवीला तुटका, किडका दाणा कसा द्यायचा? म्हणून त्या पेव उघडल्यापासून सूप मांडीवर घेऊन बसत आणि मोत्यासारखे दाणे तेवढे निवडून काढत. त्यांची सासूही असंच करायची, आणि सासूची सासूही. त्या वाडीचा घट कोणाच्या आठवणीत विरळ आलेला नव्हता.

पाचव्या दिवशी आश्रुबांनी फडकी उघडली. कोंब मोजायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मी तीन इयत्ता शिकलेला. पहिल्यात अठ्ठावन्न उगवले होते. दुसऱ्यात त्रेसष्ट. मग पंचावन्न, एकसष्ट आणि साठ.

मी दोनदा मोजलं. आकडे सारखे येईनात म्हणून माझीच चूक असेल असं मला वाटलं.

“चूक कशाची?” आश्रुबा म्हणाले. “एका बापाची पाच पोरं तरी सारख्या उंचीची असतात का? पण बुटक्याच्या घरची म्हणून ओळखू येतात.”

मग पायली काखेत मारून ते देवळाकडे निघाले. मीही मागे गेलो.

देवळाच्या ओट्यावर पाटील बसले होते आणि शेजारी त्यांचा चुलतभाऊ धोंडीराम. या धोंडीरामाचा त्या पायलीवर फार वर्षांपासून डोळा होता. आत घट पाहावा तर हिरवागार, बोट घालायला जागा नाही.

“बघ बे आश्रुबा,” धोंडीराम म्हणाला, “औंदा घट कसा आलाय!”

“घट चांगला हाय,” आश्रुबा म्हणाले. “बी चांगलं न्हाई. शंभरातलं साठच उगवतंय. पाटील, एकरी पायलीनं पेराल तर रान टकलं दिसंल. औंदा पावणेदोन पायली पेरा.”

पाटलांनी पान थुंकलं. “कशावरून?”

“माझ्या मुठींवरून.” आणि त्यांनी पाची फडक्यांचे आकडे सांगितले.

धोंडीराम गुडघ्यावर थाप मारून हसला. “पाच फडकी आन् पाच आकडे! ह्यातला खरा कंचा?”

“एक बी न्हाई. खरा आकडा देवाला ठावं. पण तो कुठं घुटमळतोय ते कळतं. माझा हिशोब असा, की कुणीबी, कुठूनबी डोळे मिटून दाणे काढावे. शंभराला पन्नासाच्या खाली उतरायचं न्हाई आन् सत्तराच्या वर चढायचं न्हाई.”

“साठच कावून म्हणत न्हाईस मग?”

“साठ म्हणलो आन् एकसष्ट निघालं, तर तू माझ्या नावानं शिमगा करशील.”

पाटील म्हणाले, “आश्रुबा, पेवातनं तीन खंडी बी निघालंय. तुझ्या फडक्यांत पाचशे दाणे. पाचशे दाण्यांना तीन खंडीतलं काय कळणार?”

“मी वरून-वरून घेतलं असतं, तर काय कळलं नसतं. मी वेचून घेतलं असतं, तरीबी न्हाई. पण मूठ कुठं घालायची हे मी कुठं ठरवलं? लाभ आला की घातली. तोंडाची आली, पोटाची आली, बुडाची आली. माझी इच्छा त्यात कुठंच न्हाई, म्हणून ती मूठ खरं बोलती.”

तेवढ्यात छबुबाई देवळातून बाहेर आल्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. “म्हणजे देवी खोटं बोलती का?”

आश्रुबा उठून उभे राहिले. “पाटलीणबाई, देवीला तुमी निवडून दिलं. ते बरोबरच हाय. तिला जेवढं दाखवलं, तेवढ्याचा कौल तिनं दिला. पण उद्या पेरताना तिफणीमागं चाड्यावर मूठ धरून बी सोडाल, तवा एकेक दाणा निवडून सोडणार हाव का?”

छबुबाई पदर सावरून परत देवळात गेल्या. त्यांना पटलं नव्हतं, हे पाटलांच्या चेहऱ्यावरून कळलं. पाटलांना रात्री त्याच घरी जायचं होतं.

“आता आसं करू,” पाटील म्हणाले. “देवीपुढंच पारखू. सगळ्यांसमोर दाणे काढू, दसऱ्याला मोजू. तुझं खरं निघालं तर पावणेदोन पायलीनं पेरा. खोटं निघालं तर एका पायलीनं पेरा, आन् तुझी पायली धोंडीरामाच्या हाती. वाडीत भेव घालणाऱ्या मापाऱ्याचं माप आमाला नको.”

मी आश्रुबांकडे पाहिलं. ती पायली गेली असती तर त्यांच्या घरची चूल कशावर पेटणार होती? शेत म्हणाल तर दोन बिघे, तेही खडकाळ. माझ्या मनात आलं, ‘पन्नास ते ऐंशी’ म्हणा ना, जरा ऐसपैस. पण मी बोललो नाही.

“कबूल,” आश्रुबा म्हणाले आणि पायली ओट्यावर ठेवली.

आता दाणे काढायचे कोणी? पाटील काढतील तर आश्रुबांच्या बाजूचे मानणार नाहीत, आणि उलटही तेच. तेवढ्यात गेवराईचा युसूफ फळवाला सीताफळांच्या पाट्या घोड्यावर लादून वाडीत शिरला. त्याला ओट्यावर आणलं.

“अरे भाई, मेरेकू कायकू बीच में डालते?” युसूफ म्हणाला. “मी सीताफळं इकायला आलतो.”

“तुला जवारीतलं काय कळतं का?” आश्रुबांनी विचारलं.

“खायाचं कळतं.”

“मग तूच पायजे,” आश्रुबा म्हणाले.

धोंडीरामाने शंका काढली. “हा तर चांगलं सीताफळ वर ठेवून किडकं खाली घालणारा गडी. हा निवडणार न्हाई कशावरून?”

“सीताफळात माझा हात हाय, मालक,” युसूफ जराही न चिडता म्हणाला. “जवारीत मी आंधळा. आन् तुमाला भरोसा नसंल तर पुरा आंधळा करा.” त्याने आपलाच रुमाल डोळ्यांवर बांधून घेतला.

पाटलांच्या खोलीत पेवातून काढलेल्या बियाची रास पडली होती. युसूफला धरून राशीभोवती फिरवलं. त्याने पाच ठिकाणी हात कोपरापर्यंत घातला आणि पाच चिमट्या काढल्या. एक काढताना शिंकलाही. चिमट्या एका फडक्यात बांधल्या, पाटलांनी गाठीवर लाख लावली आणि फडकं छबुबाईंच्या स्वाधीन केलं. त्यांनी ते भिजवायचं आणि घटाशेजारी ठेवायचं. देवीपुढे ठेवलेल्या वस्तूला वाडीत कोणी हात लावणार नव्हतं. भिजवायला गाठ सोडावी लागेल, हे लाख लावताना कोणाच्याच ध्यानात आलं नाही. दाणे किती आहेत ते मोजायचं राहिलं, हेही नाही. मी तीन इयत्ता शिकलेला तिथेच उभा होतो, आणि माझ्याही नाही.

पुढचे चार दिवस जानकीबाईंनी आश्रुबांशी थेट बोलणं टाकलं. बोलल्या ते माझ्यामार्फत. “जावायबापू, तुमच्या मामास्नी सांगा, पायली गेल्यावर मिरच्या चावून पोट भरा म्हणावं.” आश्रुबा समोरच बसलेले असायचे. मी सांगायचो नाही, आणि ते ऐकल्याचं दाखवायचे नाहीत. पण आठव्या दिवशी ते मला म्हणाले, “पाव्हणं, पाचही फडक्यांत चुकलो असंन का हो?” मी म्हणालो, “नसाल.” तेवढंच. एवढं एक वाक्य मी वेळेवर बोललो याचं मला आजही बरं वाटतं.

दसऱ्याला सकाळी सगळी वाडी ओट्यावर जमली. युसूफही आला होता. सीताफळं खपली होती, तरी आला होता. पाटलांनी फडकं उलगडलं. मला पुढे बसवलं. मी एका बाजूला कोंब आलेले, दुसऱ्या बाजूला न आलेले असे दाणे मांडत गेलो.

उगवलेले एकोणऐंशी. न उगवलेले पंचवीस. एकूण एकशे चार.

“शंभराला किती?” पाटलांनी विचारलं.

मी जमिनीवर काडीने गणित केलं, पुसलं, पुन्हा केलं. “शहात्तर,” मी म्हणालो. कोणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगावं लागलं.

धोंडीराम उठला आणि त्याने ओट्यावरची पायली सरळ छातीशी धरली. “लाभ!” तो ओरडला. मोजायला समोर काहीच नव्हतं, तरी ओरडला. बायकांत जानकीबाई उभ्या होत्या. त्या आश्रुबांकडे बघत होत्या, आणि आश्रुबा फडक्याकडे.

“माझा सत्तर चुकला,” आश्रुबा हळू म्हणाले. “घेऊन जा पायली. पण पाटील, एक गोष्ट इचारू द्या. हे दाणे एवढे देखणे कसे?”

“म्हणजे?”

“ह्या उगवलेल्यांत न्हाईच, पण न उगवलेल्यांत बी एक तुटका न्हाई. एक काळा न्हाई. भोकाचा न्हाई. माझ्या मुठीत तर दर चिमटीला चार-दोन निघतात. युसूफचा हात माझ्या हातापरीस नशीबवान हाय का?”

“नसीब असतं तर मी सीताफळं इकत फिरलो असतो का?” युसूफ म्हणाला.

तेव्हा छबुबाई पुढे आल्या. त्यांच्या तोंडावर अगदी समाधान होतं. “तुटके असतील कसे? भिजवाया गाठ सोडली तवा मी निवडून घेतले ना. देवीपुढं काय घाण ठेवायची?”

पाटलांनी आपल्या बायकोकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे.

“अगं,” ते म्हणाले, “ते निवडायचंच नव्हतं!”

“आता मला कुणी सांगितलं? फडकं हातात दिलं आन् देवीपुढं ठेव म्हणलं. देवीपुढं ठेवायचं ते निवडूनच ठेवतात.”

“निवडून काढलेले कुठं टाकले?” आश्रुबांनी विचारलं. त्यांचा आवाज आता जरा वर चढला होता.

“टाकीन कशी? देवीचे दाणे.” छबुबाईंनी पदराची गाठ सोडली. त्यात एका पानात बांधलेले कोरडे दाणे होते. मी मोजले. सव्वीस.

पुन्हा काडी, पुन्हा जमीन. एकशे चार आणि सव्वीस, एकशे तीस. उगवलेले एकोणऐंशी. “शंभराला एकसष्ट,” मी म्हणालो, आणि या वेळी एकदाच सांगावं लागलं.

पण आश्रुबांनी हात वर केला. “थांबा. हे सव्वीस अजून भिजलेले न्हाईत. ह्यातले काही उगवतीलबी. पाव्हणं, किती उगवले तर मी सत्तराच्या वर जातो?”

मी पुन्हा काडी उचलली. “बारापर्यंत चालतं,” मी म्हणालो. “तेरा उगवले तर हरलात.”

“मग हे भिजवा,” धोंडीराम पायली न सोडता म्हणाला. “अजून चार दिस थांबू.”

“आन् रानातली ओल थांबणार का तुझ्यासाठी?” जानकीबाई बायकांतून गरजल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदाच उघड बोलल्या. पुढे येऊन त्यांनी पानातला एक दाणा उचलला, दातांखाली फोडला आणि तळहातावर थुंकला. आत नुसतं काळं पीठ. “हा उगवणार हाय का?”

मग पाटलांनी एक फोडला. पोकळ. धोंडीरामाच्या हातात पायली होती, म्हणून त्याच्या तोंडात युसूफनेच एक दाणा टाकला. तोही कडू निघाला, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. असे सगळे दाणे माणसांनी चावून फोडले. एकोणीस आतून मेलेले निघाले. उरले सात. ते सातही उगवले असं धरलं, तरी शंभराला सहासष्ट.

पाटील उठले. त्यांनी धोंडीरामाच्या छातीवरून पायली काढून घेतली. दोनदा ओढावी लागली. ती आश्रुबांच्या पुढ्यात ठेवली. “आश्रुबा,” ते म्हणाले, “उद्या वाटप. एकरी पावणेदोन पायली. मोज.”

“खायाला कमी उरंल, पाटील.”

“ह्या कडू बियाची भाकर तुझा जावई तेवढा खातो म्हणतेत.”

सगळा ओटा हसला. मीही हसलो असेन.

पेरा झाला. छबुबाईंनी स्वतः चाड्यावर मूठ धरली आणि मूठ सैल सोडली. निवडायला तिथे सवडच नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी घट दोन केले. एक देवीसाठी निवडलेल्या बियाचा, आणि एक लहान, मागच्या बाजूला, लाभाच्या मुठीतला. पहिल्याला त्या हळदीकुंकू वाहायच्या आणि दुसऱ्याचे कोंब मोजायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “एक पुजायचा, एक इचारायचा.”

त्या साली मी पेरणीलाही थांबलो, आणि त्यानंतर दहा दिवसांनी मुक्ताला घेऊन निघणार होतो. निघायच्या सकाळी आश्रुबा मला रानात घेऊन गेले. बांधावर उभं राहून त्यांनी डोळे मिटले, हातातली काठी उंच भिरकावली आणि जिथे पडली तिथे तिच्या लांबीतली रोपं मोजली. असं तीन ठिकाणी केलं. एकदा काठी शेजारच्या पांदीत, गाडीवाटेवर गेली, तेव्हा ती जागाही मोजावी का, यावर थोडा वेळ विचार करत उभे राहिले. शेवटी म्हणाले, “बेतात हाय. दाट न्हाई, इरळ न्हाई.” त्यांच्या तोंडी ही फार मोठी स्तुती होती.

त्यांचं मन मोकळं दिसलं म्हणून मी धीर केला. आयुष्यात फार थोड्या वेळा केला, त्यातला हा एक.

“मामा,” मी म्हणालो, “मला तुम्ही तीनदा बघितलं म्हणतात.”

“व्हय. एकदा बाजारात. तराजू वाण्याच्या बाजूला झुकलावता, ते तुमी बघितलं आन् बोलला न्हाईत. भित्रा वाटलात, पण नजर चांगली. एकदा तुमच्या रानात. बैलाला पाणी पाजल्याबगर भाकर सोडली न्हाई. ते लई आवडलं.”

“आणि तिसऱ्यांदा?”

ते काठी पुसत राहिले. “तुमच्या गावच्या वढ्याला. तुमी बाभळीवर चढून बसलावता. खाली एक म्हैस हुती. म्हातारी. ती तुमच्याकडं बघतबी नव्हती.”

मला तो दिवस आठवला. काटेही आठवले.

“मग तरी मुलगी दिलीत?” मी कसंबसं विचारलं.

आश्रुबांनी आजूबाजूला बघितलं. वाडी दूर होती, रानात कोणी नव्हतं.

“काय करावं, पाव्हणं,” ते म्हणाले. “त्या येळी पाटलीणबाईंवानी मी बी पाखडलं.”